घोड्याचे हाल होतायत अशी तक्रार प्राणी संस्थेकडे केली की ती लगेच घोडा उचलून नेते? नाही हो!

हा गैरसमज किती वर्षं फिरतोय, आणि त्यापायी लोक हाडं दिसणारा घोडा बघूनही गप्प बसतात, की उगाच कुणाचं जनावर जाईल. खरं म्हणजे बऱ्याच देशांत प्राणी संस्थांना स्वतःहून घोडा जप्त करायचा अधिकारच नसतो, तो पोलिसांकडे किंवा सरकारी खात्याकडे असतो. संस्थेचा माणूस येतो, बघतो, मालकाशी बोलतो, आणि पुष्कळदा सल्ल्यावरच काम होतं. घोडा म्हातारा असेल, दात झिजले असतील, उपचार चालू असतील तर तेही तिथेच कळतं, म्हणून आधी तुम्हीच खात्री करायची गरज नाही.

घोड्याच्या अंगावर चरबी किती आहे ते मोजायला १ ते ९ ची हेनेके पट्टी आहे, १ म्हणजे अगदी हाडांचा सापळा. तुम्ही फक्त तारीख, वेळ, नेमकी जागा आणि काय दिसलं ते सांगा: बरगड्या, वाढून वळलेले खूर, लंगडणं, पाणी नसणं. फोटो रस्त्यावरूनच काढा, आत शिरू नका.

आणि प्लीज, दया आली म्हणून कुंपणावरून धान्य टाकू नका, उपाशी घोड्याला एकदम खुराक मिळाला तर तो दगावू शकतो. घोडा आडवा पडलाय, उठतच नाहीये, तर मात्र थांबू नका, लगेच फोन करा.