स्पोर्ट्स बाईकवरून क्रूझरवर येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

जळगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये क्रूझर घेऊन येणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण आधी स्पोर्ट्स बाईक चालवणारे असतात. कॉलेजच्या दिवसांत घेतलेली यामाहाची आर-१५ ही स्पोर्ट्स बाईक लग्नानंतर, किंवा मनगटे आणि पाठ बोलू लागल्यावर, विकली जाते आणि तिच्या जागी रॉयल एनफिल्डची मीटिऑर किंवा बजाजची ॲव्हेंजर अशी क्रूझर, म्हणजे पाय पुढे ठेवून आरामात बसायची गाडी, दारात उभी राहते. त्यानंतर महिना-दीड महिन्यात हे ग्राहक एकच तक्रार घेऊन येतात : "भाऊ, गाडी वढत नही, आन् थरथरते." या एका तक्रारीत आमचा आणि त्यांचाही इतका वेळ जातो की, तिच्याबद्दल एकदाच सविस्तर लिहून ठेवणे आम्हाला योग्य वाटले.

गाडीत दोष नसताना ही तक्रार का येते, हे आकड्यांवरून लवकर कळते. आर-१५ च्या चौथ्या आवृत्तीचे इंजिन १५५ सीसीचे असून त्याची सर्वाधिक ताकद १०,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आणि सर्वाधिक टॉर्क (ओढण्याचा जोर), म्हणजे १४.२ न्यूटन-मीटर, ७,५०० आरपीएमला मिळतो. मीटिऑर ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे आहे. त्याचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच हाती येतो आणि ६,१०० आरपीएमला ताकदीचा कळस होतो. कागदावर दोन्ही गाड्यांची ताकद जवळपास सारखीच दिसते, पण ती मिळण्याची जागा वेगळी आहे. आर-१५ चा पिस्टन प्रत्येक स्ट्रोकला ५८.७ मिलिमीटर सरकतो, तर मीटिऑरचा ८५.८ मिलिमीटर. एवढा लांबचा पल्ला मारणाऱ्या पिस्टनला दहा हजार फेऱ्या मारायला लावणे शक्य नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

आता चूक कुठे होते ते पाहू. आर-१५ वर कान तयार झालेला माणूस गिअर बदलण्यासाठी इंजिन किंचाळण्याची वाट पाहतो. क्रूझरवर तो प्रत्येक गिअर असाच ताणतो, गाडी पुढे ओढत नाही, हँडल आणि फुटरेस्ट झिणझिणू लागतात आणि आरशात मागचा ट्रक धूसर दिसतो. मग कोणीतरी जाणकार त्याला सांगतो की, क्रूझर वरच्या गिअरमध्येच चालवायची असते. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि आमच्या मते पहिल्या चुकीपेक्षा जास्त महाग पडतो, कारण त्यानंतर तोच माणूस ताशी ३५ किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये, मागे बायको आणि टाकीवर मूल बसवून, रेल्वे पुलाचा चढ चढू लागतो. इंजिन अशा वेळी गुदमरते. ठोके पायाखालून येतात, चेन झटके मारते आणि थ्रॉटल जितका पिळावा तितकी गाडी जास्त हिसके देते.

म्हणून तक्रार सांगताना "थरथरते" एवढेच न सांगता कशी थरथरते, ते सांगावे. बारीक झिणझिण हातात येत असेल, तर गिअर खालचा पडला आहे. मोठे, मोजता येतील असे ठोके बुडाखाली जाणवत असतील, तर गिअर वरचा पडला आहे. थरथर कोणत्याही गिअरमध्ये, ठरावीक वेगालाच येत असेल आणि क्लच दाबूनही जात नसेल, तर मात्र चाक, टायर किंवा बेअरिंग पाहावे लागते आणि तेव्हा गाडी जरूर आमच्याकडे आणावी.

मागच्या उन्हाळ्यातला एक प्रसंग सांगतो. भुसावळकडून एक ग्राहक जेमतेम २,००० किलोमीटर चाललेली गाडी घेऊन आले. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांनी त्याआधीच पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) बदलून घेतले होते. आम्ही इंजिनचे फाउंडेशन बोल्ट तपासले, चेनचा ताण पाहिला, दोन्ही चाके मोकळी फिरवून पाहिली. दीड तास गेला आणि काहीही सापडले नाही. शेवटी आमचा मिस्त्री त्यांच्या मागे बसून रस्त्यावर गेला. पहिल्याच सिग्नलनंतर चौकापासून चौकापर्यंत त्यांनी पाच गिअर टाकले, तेव्हा काट्यावर वेग चाळीसही नव्हता. मिस्त्रीने मागून सांगितले, "साहेब, दोन गिअर खाली घ्या." थरथर तिथेच थांबली. मूळचे स्प्रॉकेट परत बसवण्याची मजुरी मात्र त्यांना द्यावी लागली आणि ती घेताना आम्हालाही बरे वाटले नाही.

त्या दिवसापासून आम्ही नियम केला आहे : थरथरीची किंवा पिकअपची तक्रार असेल, तर पाना लावण्याआधी ग्राहकाने स्वतः गाडी चालवायची आणि मिस्त्रीने मागे बसायचे. काही ग्राहकांना हे आवडत नाही. आम्हाला गाडी चालवता येत नाही असे तुम्हाला म्हणायचे आहे का, असे एकाने स्पष्टच विचारले होते. तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. मिस्त्रीने एकट्याने ट्रायल मारली तर तो त्याच्या सवयीने चालवतो, गाडी नीट चालते आणि तक्रार तशीच राहते; तुमच्या हातातली गाडी पाहिल्याशिवाय तुमची तक्रार आम्हाला दिसत नाही. या दहा मिनिटांचे आम्ही पैसे घेत नाही. ट्रायलनंतरही कोणी इंजिन उघडण्याचा आग्रह धरला, तर मात्र नेहमीची मजुरी लागेल.

मीटिऑरला आरपीएमचा काटा नाही आणि गिअर बदला म्हणून सांगणारा दिवाही नाही. सुरुवातीला हे अडचणीचे वाटते, पण वेगाचा काटा आणि गिअरचा आकडा एवढ्यावर काम भागते. आमचा अनुभव असा की, पाचवा गिअर पन्नाशीच्या आत टाकू नये आणि मागे कोणी बसले असेल तर साठीच्या आसपास टाकावा. धुळ्याहून भुसावळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर केळीने भरलेल्या ट्रकला ओलांडायचे असेल, तर ट्रकच्या मागे असतानाच चौथा गिअर घ्यावा आणि मग थ्रॉटल द्यावा. आर-१५ वर आपण थ्रॉटल देऊन इंजिन जागे होण्याची वाट पाहायचो, तशी वाट इथे पाहू नये. आणि ओलांडण्यासाठी थेट तिसऱ्यात उडी मारू नये, कारण गिअर एकदम खाली घेतल्यावर बसणारा झटका सोसणारा, आर-१५ सारखा स्लिपर क्लच ज्या क्रूझरमध्ये नाही, तिचे मागचे चाक अशा वेळी कचकन धरते.

खान्देशातल्या उन्हाचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा इंजिनात जाणारी हवा आधीच तापलेली असते. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवले, तर नॉकिंगचा टकटक आवाज येतो. आर-१५ ला रेडिएटर आणि पंखा असतो, त्यामुळे तिच्यावर ही सवय खपून गेलेली असते. हवा आणि तेलावर थंड होणाऱ्या इंजिनावर खपत नाही. वर्षभर अशीच चालवलेली गाडी आमच्याकडे येते, तेव्हा चेन-स्प्रॉकेट आणि मागच्या हबमधले, झटके झेलणारे कपलिंग रबर वेळेआधी संपलेले असते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. आर-१५ चा व्हीलबेस (दोन चाकांमधले अंतर) १,३२५ मिलिमीटर, मीटिऑरचा १,४०० आणि ॲव्हेंजर क्रूझ २२० चा १,४९० आहे. त्यामुळे हँडल सावकाश वळते, ते बिघडलेले नसते. कोन सेट (हँडलचे बेअरिंग) आवळून ते हलके होत नाही, उलट अडकते. तोरणमाळच्या किंवा कन्नडच्या घाटात फुटरेस्ट घासला, तर तो वाकवून वर घेण्याचा आग्रह धरू नये. गाडी याहून जास्त झुकणार नाही, एवढेच तो सांगत असतो. स्पोर्ट्स बाईकवर अनेकांचा उजवा पाय नुसता ठेवलेला असतो. क्रूझरवर वजन मागच्या चाकाकडे असल्याने मागचा ब्रेकही वापरावा, मात्र ॲव्हेंजरवर जपून, कारण तिचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पुढच्या चाकापुरतेच आहे.

कंबरदुखीबद्दल मात्र नीट सांगायला हवे. स्पोर्ट्स बाईकवर खड्ड्याचा धक्का मनगट आणि पाय वाटून घेतात. क्रूझरवर पाय पुढे असल्याने माणूस फुटरेस्टवर उठू शकत नाही आणि धक्का सरळ माकडहाडात जातो. महागडी सीट घेण्याआधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) तुमच्या वजनाप्रमाणे लावून घ्यावा. मीटिऑरला त्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि हे काम आम्ही सर्व्हिसिंगसोबत विनामूल्य करतो. त्यानंतरही त्रास राहिला तर पाठटेकू, जेल सीट आणि विंडस्क्रीन आमच्याकडे उपलब्ध आहेत. तरी पहिले ५०० किलोमीटर कंपनीने दिली तशीच गाडी चालवावी, असे आम्ही स्वतःचे नुकसान करूनही सांगतो. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर आम्ही बसवत नाही, त्यामुळे कृपया त्याची चौकशी करू नये.

ज्यांची स्पोर्ट्स बाईक अजून विकायची आहे आणि मन ठरत नाही, त्यांच्यासाठी आम्ही एक वापरलेली मीटिऑर ट्रायलसाठी ठेवली आहे. लायसन्स आणि हेल्मेट सोबत आणावे, आणि शक्य असेल तर घरी नेहमी मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही आणावे, कारण एकट्याने मारलेल्या ट्रायलमध्ये गिअरचा अंदाज येत नाही. उन्हाळ्यात ट्रायल सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच दिली जाईल.