मातीतली डाव्या-उजव्याची अदलाबदल

कोल्हापुरी चपलेच्या जोडातली डावी चप्पल उजव्या पायात घालून बघा. चामडं तेच, वेणी तीच, पण पाय काही नीट बसत नाही. अमिनो आम्लांचंही तसंच. ग्लायसीन सोडलं तर प्रत्येकाची डावी-उजवी अशी दोन रूपं होतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. सजीवांची प्रथिनं घडतात ती डाव्या, म्हणजे ‘एल’ रूपापासून. मग पंचगंगेकाठच्या उसाच्या रानात, मूठभर काळ्या मातीत, उजवी ‘डी’ रूपं येतात कुठून?

ती जिवाणू मुद्दाम तयार करतात. त्यांच्याकडे रेसिमेज नावाची एन्झाइमं असतात. लॅटिनमध्ये ‘रेसिमस’ म्हणजे द्राक्षाचा घड. त्यावरून द्राक्षातल्या ‘रेसिमिक’ आम्लाला नाव मिळालं. त्यात डावी-उजवी दोन्ही रूपं मिसळलेली असतात. त्याच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक लुई पाश्चरने १८४८ साली एकेक निवडून वेगळे केले. एका रूपाचं दुसरं करणारं म्हणून हे ‘रेसिमेज’. अ‍ॅलनीन रेसिमेजची करामत बघण्यासारखी आहे. ‘ब ६’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या सहायकाच्या मदतीने ते अ‍ॅलनीनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन एका बाजूने काढतं आणि विरुद्ध बाजूने परत बसवतं. डाव्याचं उजवं झालं!

हा खटाटोप भिंतीसाठी. जिवाणूच्या पेशीभित्तिकेत साखरेच्या साखळ्या अमिनो आम्लांच्या छोट्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्या दुव्यांत डी-अ‍ॅलनीन, डी-ग्लुटामेट असतं. प्रथिनं तोडणारी बहुतेक एन्झाइमं डाव्या रूपाच्या मापाची, त्यामुळे इथे त्यांची धार चालत नाही. एकमेकांना खायला टपलेल्या मातीत याहून शहाणी तटबंदी मला तरी ठाऊक नाही.

पण शेजारीही कच्चे नाहीत. स्ट्रेप्टोमायसिस हा मातीतलाच जिवाणू सायक्लोसेरीन बनवतो. ते डी-अ‍ॅलनीनसारखंच दिसतं आणि रेसिमेजलाच बंद पाडतं. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर आज हेच वापरतात. माणसाला अ‍ॅलनीन रेसिमेज नसतंच, म्हणून ते चांगलं लक्ष्य ठरतं.

मला सगळ्यात भावतो तो बीजाणूंचा संयम. बॅसिलस जिवाणू दुष्काळात बीजाणू होऊन पडून राहतात. भोवती एल-अ‍ॅलनीन मिळालं की ती जागं होण्याची खूण. पण काही जातींत बीजाणूच्या आवरणावरच रेसिमेज असतं. थोडंसंच एल-अ‍ॅलनीन आलं, तर ते त्याचं डी-अ‍ॅलनीन करतं, आणि डी-अ‍ॅलनीन उगवणच रोखतं. वळवाच्या एका सरीवर पेरायला न धावणाऱ्या जाणत्या शेतकऱ्यासारखंच हे.

मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीही वाया जात नाहीत. सुटलेलं डी-अ‍ॅलनीन स्यूडोमोनाससारखे जिवाणू फोडतात. एल-अ‍ॅलनीन खायचं, तरी ते आधी रेसिमेजने उजवं करूनच फोडतात. त्यातून पेशीला ऊर्जा मिळते आणि अमोनिया सुटतो. सरीत कुजणाऱ्या पाचटाखाली हेच चालू असतं, आणि त्या अमोनियातला काही नत्र खोडव्याच्या मुळांपर्यंत पोचतो.