लॅपटॉपच्या बॅटऱ्या परत मागवण्यामागचा इतिहास

२००६च्या आधीही लॅपटॉपच्या बॅटऱ्या परत मागवल्या जात, पण त्या मानाने थोड्या. त्या वर्षी १४ ऑगस्टला टेक्ससमधल्या एका संगणक कंपनीने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या आणि दहाच दिवसांनी कॅलिफोर्नियातल्या दुसरीने १८ लाख. दोन्हींतले सेल, म्हणजे बॅटरीच्या आतले वीज साठवणारे घटक, एकाच जपानी उत्पादकाचे होते. कारखान्यात सेल तयार होताना धातूचे बारीक कण आत राहिले होते आणि त्यांच्यामुळे आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकत होतं.

खरा वाद पुढे झाला. उत्पादकाचं म्हणणं असं, की कण असले तरी सेल बहुतेक वेळा नुसता बंद पडतो. तो तापून पेटेल का, हे लॅपटॉपच्या रचनेवरही अवलंबून असतं. तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नव्हतं. पण या युक्तिवादामुळे त्याच उत्पादकाचे सेल असलेले इतर कंपन्यांचे लॅपटॉप ऑगस्टमध्ये वगळले गेले. सप्टेंबरच्या मध्यावर लॉस एंजेलिसच्या विमानतळावर थिंकपॅड मालिकेतला एक लॅपटॉप पेटला. २८ सप्टेंबरला थिंकपॅडच्या ५,२६,००० बॅटऱ्या परत मागवल्या गेल्या, आणि तेव्हा कुठे सेलच्या उत्पादकाने जगभर बॅटऱ्या बदलून देण्याची योजना जाहीर केली. ऑक्टोबरअखेर आकडा ९६ लाखांवर आणि खर्चाची तरतूद ५,१०० कोटी येनवर गेली होती. दोष सेलमध्ये आहे हे ऑगस्टमध्येच कळलं होतं. मग लॅपटॉपचं मॉडेल पाहून निवड करायलाच नको होती. मधले सहा आठवडे धोका ग्राहकांनी सोसला.

असंच अपुरं मोजमाप पुढेही दिसलं. एका अमेरिकी कंपनीने २०१६मध्ये ४१,००० बॅटऱ्या परत मागवल्या आणि जानेवारी २०१७मध्ये आणखी १,०१,००० वाढवल्या. आधी 'तुमची बॅटरी ठीक आहे' असं उत्तर मिळालेल्यांना पुन्हा तपासणी करावी लागली.

तोवर बॅटरी लॅपटॉपच्या आत बंद झाली होती, ग्राहकाला ती काढता येईना. म्हणून त्याच कंपनीने २०१८मध्ये पुन्हा बॅटऱ्या परत मागवल्या तेव्हा बायॉसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट देऊन बॅटरी पूर्ण उतरवायची आणि बदलून मिळेपर्यंत चार्ज होऊ द्यायची नाही, अशी सोय केली गेली.

जून २०१९मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोची पाळी आली. एकट्या अमेरिकेत ४,३२,००० लॅपटॉप. ऑगस्टमध्ये भारताच्या विमान वाहतूक नियामकाने प्रवाशांना सांगितलं, की बॅटरी तपासून किंवा बदलून घेईपर्यंत हे लॅपटॉप केबिनमध्येही आणू नका आणि चेक-इन सामानातही ठेवू नका.