‘डिस्करेज’ शिकवताना
चिनीभाषक प्रौढांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या ग्राहक-शिक्षकांसाठी, क्रियापद-संचासोबतचं माहितीपत्रक

या क्रियापदाचा अर्थ विद्यार्थ्याला बहुधा आधीच पाठ असतो. घोडं अडतं ते वाक्यात. विद्यार्थ्याच्या तिथल्या चुका मराठी शिक्षकाच्या चटकन लक्षात येत नाहीत, कारण आपण ‘जाण्यापासून परावृत्त केलं’ म्हणतो आणि त्यातलं ‘पासून’ नेमकं ‘फ्रॉम’च्या जागी बसतं. मँडरिनमध्ये हा आयता आधार मिळत नाही. तिथे म्हणतात ‘छ्वान वो पू याव छ्यू’, म्हणजे ‘जाऊ नकोस असं मला समजावलं’. त्यावरून विद्यार्थी लिहितो ‘शी डिस्करेज्ड मी नॉट टू गो’. नकार दोनदा झाला. ‘नॉट’ काढायला सांगितलं की तो ‘डिस्करेज्ड मी टू गो’वर येतो, कारण ‘एन्करेज’ तसंच चालतं. म्हणून ‘एन्करेज-डिस्करेज’ ही जोडी एकाच तासाला घेऊ नका, पाठ्यपुस्तकं घेत असली तरी. आधी ‘स्टॉप’ आणि ‘प्रिव्हेंट’ ‘फ्रॉम’सकट पक्के करा आणि मग हे क्रियापद त्यांच्या रांगेत आणा.

रांग एकच असली तरी अर्थ एक नाही. शब्दयाद्यांमध्ये ‘डिस्करेज’समोर ‘थांबवणे’ या अर्थाचा चिनी शब्दही दिलेला असतो, त्यामुळे ‘पोलिसांनी चोराला पळण्यापासून डिस्करेज केलं’ अशी वाक्यं येतात. तपासायला एकच वाक्य पुरतं: ‘माय बॉस डिस्करेज्ड मी फ्रॉम अप्लाइंग, बट आय अप्लाइड.’ इथे ‘प्रिव्हेंटेड’ घातलं की उत्तरार्ध कोसळतो. ‘डिस्वेडेड’ घातलं तरी तेच, कारण त्यात समजावणं यशस्वी झालेलं असतं.

सगळ्यात चिवट चूक आत्मविश्वासाची. चिनीत ‘ताची शिनशिन’, म्हणजे विश्वासावर आघात करणं, हा रोजचा प्रयोग आहे. तोच ‘ही डिस्करेज्ड माय कॉन्फिडन्स’ होऊन येतो. व्याकरणात खोट नाही, पण इंग्रजी कानाला खटकतं. ‘डिस्करेज’चं कर्म माणूस तरी असतं, नाहीतर एखादी कृती: ‘डिस्करेज द टीम’, ‘डिस्करेज स्मोकिंग’. कॉन्फिडन्सला ‘शेक’, ‘डेंट’ किंवा ‘अंडरमाइन’ लागतं, उत्साहाला ‘डॅम्पन’. संचातली पिवळी कार्डं नामांची आहेत, निळी क्रियापदांची. आधी फक्त पिवळी दाखवा आणि ‘माणूस, कृती की मनातली गोष्ट?’ एवढंच विचारा. निळी त्यानंतर. दोन्ही एकदम दाखवली तर विद्यार्थी अंदाजाने जोड्या लावतो.

जाता जाता: चिनीत गार पाणी माणसावर ओततात (‘फो लंग श्वेइ’), इंग्रजीत ते कल्पनेवर किंवा बेतावर ओततात. ‘ही पोअर्ड कोल्ड वॉटर ऑन मी’ वाचून इंग्रज टॉवेल शोधेल. आपलं विरजणही उत्साहावरच पडतं, त्यामुळे इथे आपण इंग्रजीच्या बाजूचे.

आता रूपं. मँडरिनमध्ये क्रियापद रूप बदलत नाही, आणि ‘हन ह्वेईशिन’ (फार खचलेला) म्हणताना ‘आहे’सारखा शब्दही लागत नाही. त्यातून ‘आय व्हेरी डिस्करेज्ड’, ‘आय अॅम डिस्करेजिंग’, ‘इट मेड मी डिस्करेज’ ही तिन्ही येतात. मित्राला धीर देताना ‘पिए ह्वेईशिन’चं ‘डोन्ट डिस्करेज’ होतं, म्हणजे ‘खचू नकोस’ऐवजी ‘खचवू नकोस’. नियम समजावण्याआधी फळ्यावर निकालपत्र आणि उमेदवार काढा. ‘-इंग’ निकालाला, ‘-एड’ उमेदवाराला. बाण निकालाकडून उमेदवाराकडे.

उच्चाराला 5 मिनिटं पुरेत, पण ती आधी स्वतःसाठी द्या. आपण लिहितो तसं ‘रेज’ म्हणतो. खरा शेवट ‘रिज’ असा आखूड आहे आणि जोर मधल्या ‘कर’वर. मँडरिनमध्ये शब्दाचा शेवट ‘ज’सारख्या व्यंजनावर होत नाही, म्हणून विद्यार्थी पुढे स्वर जोडून ‘डिसकरिजी’ म्हणतो. ‘डिस्करेज इट’ असं पुढच्या स्वराला जोडून म्हणायला लावा. ‘ज’ला टेकायला जागा मिळते आणि जादा स्वर गळतो. मग ‘इट’ काढून टाका.

40 मिनिटांच्या तासात ‘फ्रॉम’ला 15, कार्डांना 12, रूपांना 8 आणि उच्चाराला 5 अशी विभागणी बसते. वेळ कमी पडला तर रूपं पुढच्या तासावर ढकला, कार्डं नाही. उदाहरणं मुद्दाम ऑफिसातली ठेवली आहेत: खासगी शिकवण्यांना आवर घालणाऱ्या जुलै 2021च्या सरकारी धोरणानंतर चीनमधल्या शाळकरी मुलांचे परदेशातून चालणारे वर्ग बंद झाले, आणि हा संच नोकरदारांसाठीच बेतला आहे. गृहपाठात विद्यार्थ्याकडून स्वतःच्या कामावरची 3 वाक्यं घ्या. एकात ‘फ्रॉम’, एकात ‘डिस्करेज्ड बाय’, एकात ‘डिस्करेजिंग’. तपासताना आधी ‘फ्रॉम’च्या पुढचा शब्द बघा. तिथे ‘-इंग’ नसेल तर बाकीचं नंतर.