कोल्हापूरची केएसए फुटबॉल लीग

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजेच केएसए ही संस्था कोल्हापूर शहरात भरवत असलेली साखळी फुटबॉल स्पर्धा. केएसएची स्थापना 1940 साली, संस्थान काळात झाली. छत्रपती घराण्याने या संस्थेला सुरुवातीपासून आश्रय दिला आणि तो आजही कायम आहे. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी ती संलग्न आहे.

या लीगचे वेगळेपण तिच्या संघांत आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम ही नावे वाचून बाहेरच्या माणसाला कुस्तीचीच स्पर्धा वाटावी. तसे वाटण्यात चूकही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमी गजबजल्या. लाल मातीत घुमणारी हीच पोरे पुढे चेंडूमागे धावू लागली. तालीम ही केवळ व्यायामशाळा नव्हे. गणेशोत्सव, शिवजयंती, भागातल्या अडीनडीला धावून जाणे, सगळे तिथूनच चालते. त्यामुळे इथे संघाला पाठीराखे मिळवावे लागत नाहीत. पोरगा ज्या पेठेत जन्मला, त्या पेठेचा संघ त्याचा. शिवाजी पेठेत खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ; मंगळवार पेठेत पाटाकडील (सगळे त्याला ‘पीटीएम’च म्हणतात), बालगोपाल आणि प्रॅक्टिस क्लब; रविवार पेठेत दिलबहार. एका पेठेतल्या दोन तालमी समोरासमोर आल्या की एकाच गल्लीत दोन तट पडतात. शहराच्या कडेच्या फुलेवाडीनेही आपला दमदार संघ उभा केला आहे.

सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. कोल्हापुरातली बरीच जुनी तळी बुजून गेली. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, तसे रावणेश्वर तळ्याच्या जागी हे स्टेडियम उभे राहिले. शेजारचे रावणेश्वराचे देऊळ तेवढी जुनी खूण सांगते.

पावसाळा सरून मैदान वाळले की केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठली तालीम सोडून कुठे गेला, याची चर्चा तेव्हा चहाच्या गाड्यांवर दिवसच्या दिवस चालते. वरिष्ठ गटात 16 संघ असतात. तळाला राहिलेल्यांना खालच्या गटात जावे लागते आणि खालून नवे संघ वर येतात. लीग संपली की विविध चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा लागतात आणि हंगाम पुन्हा पावसाच्या तोंडापर्यंत पोचतो.

मोठ्या सामन्याला डोक्याला रुमाल गुंडाळून माणसे भर उन्हात पायऱ्यांवर येऊन बसतात. दोन्ही तालमींचे समर्थक वेगवेगळ्या बाजूंना, मधे पोलीस. हुकलेल्या पेनल्टीवर जो सुस्कारा उठतो तो स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर ऐकू येतो. या ईर्ष्येचे रूपांतर अनेकदा हाणामारीतही झाले आहे. सामने थांबले आहेत, खेळाडूंवर बंदी आली आहे. खेळाचे यात खरे नुकसान होते आणि ते मान्य केलेच पाहिजे.

गेल्या काही वर्षांत तालमींनी नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू आणले. खेळाचा वेग त्यामुळे वाढला. पण पेठेतल्या पोराची अकरांतली जागा गेली, ही तक्रारही खोटी नाही.

कोल्हापूरचा निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागानपर्यंत पोचला. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. जिल्ह्यात गडहिंग्लजलाही फुटबॉलचे असेच वेड आहे. त्याच तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय पातळीवर पोचल्या.