स्वीडनमधील जंगलमालकांसाठी एफएससी प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) ही जंगलाच्या जबाबदार व्यवस्थापनाचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या निकषांवरचे हे प्रमाणपत्र सरकार देत नाही आणि ते सक्तीचेही नाही. कागद गिरण्या आणि लाकूड कारखाने मागतात म्हणून मालक ते घेतात.

जंगलाची मालकी किंवा व्यवस्थापनाचा कायदेशीर हक्क असला की अर्ज करता येतो. मात्र पन्नासेक हेक्टरवाल्याने एकट्याने या फंदात पडू नये, तपासणीचा खर्च झेपत नाही. त्याने गट प्रमाणपत्रात सामील व्हावे. मूळ प्रमाणपत्र गटचालकाच्या नावे असते, सभासद त्याच्याशी करार करतो.

सोबत लागतात: जमीन नोंदणीचा उतारा (आपल्या सातबाऱ्यासारखा), हद्दीचा नकाशा, सही केलेला करार आणि जंगलाचा व्यवस्थापन आराखडा. खरी परीक्षा आराखड्याची. उत्पादक क्षेत्रापैकी किमान 5 टक्के भाग लाकडासाठीच्या तोडीतून वगळून निसर्गासाठी राखावा लागतो. दलदल आणि खडकाळ माळ दाखवून ही अट भागवता येत नाही, कारण हेक्टरी वर्षाला सरासरी किमान 1 घनमीटर लाकूड वाढू शकते तीच जमीन उत्पादक धरतात. निवडही सोयीने नव्हे, जिथे जीवसृष्टी समृद्ध आहे ते पाहून करायची.

तोडीआधी प्रत्येक कुपाची (तोडीसाठी आखलेल्या तुकड्याची) निसर्गमूल्य पाहणी होते. हेक्टरी किमान 10 जिवंत झाडे कायमची सोडायची, शिवाय किमान 3 झाडे उंचावर छाटून किंवा त्यांची साल गोलाकार काढून वाळू द्यायची. या वाळक्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात. पांढऱ्या पाठीचा सुतार पक्षी मुख्यतः मेलेल्या बर्च आणि अ‍ॅस्पेनमधल्या अशाच अळ्यांवर जगतो. स्वीडनमध्ये तो अगदी मोजकाच उरला आहे.

एक गोष्ट अर्जदाराला सहसा कुणी सांगत नाही: प्रमाणपत्र मिळाले तरी सरसकट तोड चालूच राहते. जुन्या स्प्रूसवर लोंबणाऱ्या दगडफुलांना सलग, सावलीचे जंगल हवे असते. उघड्या कुपातली दहा झाडे त्यांच्या फारशा कामाची नाहीत. त्यांचा जीव त्या राखीव 5 टक्क्यांच्या निवडीवर अवलंबून आहे, म्हणून आराखडा करणारा माणूस जाणकार घ्या.

उत्तरेत रेनडिअर चरतात तिथे सामी या तिथल्या मूळनिवासी समाजाच्या पशुपालकांशी सल्लामसलत करून तिची नोंद ठेवावी लागते.

मुदत 5 वर्षे. तपासणी दरवर्षी होते, गटात नमुन्यादाखल काही सभासदांकडेच. अर्धा हेक्टरपेक्षा मोठ्या अंतिम तोडीची सूचना वन विभागाला 6 आठवडे आधी द्यायची असते, तिच्यातून मात्र प्रमाणपत्रधारकालाही सूट नाही.