स्वस्तातलं आरसी जेट किट: फटी दिसतात, खरा घोळ दिसत नाही

स्वस्त आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या, फोम जेटचं किट उघडलं की आधी फटी डोळ्यात खुपतात. बॉडीचे दोन भाग एकमेकांवर बसत नाहीत, कॅनॉपी (कॉकपिटवरचं झाकण) एका बाजूने उचललेली, सर्व्होचा (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) खड्डा सर्व्होपेक्षा लहान, स्टिकर मात्र एकदम झकास. बरेच जण इथेच फिलर घेऊन बसतात. मला विचाराल तर फटी नंतर बुजवा, विमान फटींनी पडत नाही.

आधी फॅन बघा. या जेटमध्ये खरं जेट इंजिन नसतं, नळीत बसवलेला इलेक्ट्रिक फॅन असतो, त्यालाच ईडीएफ म्हणतात. ७० मिमीचा फॅन मिनिटाला ४० हजार फेऱ्या मारत असेल तर पात्याचं टोक ताशी ५०० किमीच्या वर पळतं. आता एखाद्या पात्यात, मध्यापासून ३ सेंमीवर, फक्त ०.१ ग्रॅम प्लास्टिक जास्त आहे असं धरा, तर या स्पीडला ते ५ किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढतं आणि ही ओढ शाफ्टबरोबर गरागरा फिरत राहते. मग बेअरिंग जातं, स्क्रू सुटतात, फोममधला माउंट हलायला लागतो. उपाय म्हणजे हलक्या बाजूला हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या पोकळ भागाच्या) आतून थोडा हॉट ग्लू, आतून यासाठी की फिरताना तो भिंतीवर आणखी दाबला जातो, सुटून उडत नाही. आणि बॉडीचे भाग ओढूनताणून चिकटवले तर फॅनचं कडं दाबलं जाऊन लंबगोल होतं आणि पाती घासायला लागतात, तेवढी एक फट मात्र आधी, जोर न लावता, मिटवायची.

त्यापेक्षा लबाड दोष म्हणजे पंखाचा पीळ. फोमचे मणी साच्यात वाफेने फुगवून एकजीव करतात, नीट गार व्हायच्या आत पार्ट बाहेर काढला की तो वाकतो (खोक्यात दाबून पाठवला तरी तेच). एका टोकाला २ अंशांचा पीळ डोळ्याला दिसतही नाही, पण त्या बाजूला लिफ्ट (वर उचलणारा जोर) जास्त आणि विमान सारखं दुसरीकडे कलतं. लोक एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपेला) ट्रिम देतात, म्हणजे ती कायमची थोडी वळवून ठेवतात, सरळ उडतं, खूश! पण पीळ तसाच असतो, आणि लँडिंगला स्पीड कमी करून नाक वर घेतलं की जास्त कोन असलेलं टोक आधी स्टॉल व्हायची (तिथली लिफ्ट एकदम तुटायची) शक्यता असते, मग पंख खाली आणि विमान आडवं. त्यामुळे ट्रिमच्या भरवशावर राहू नका, पंख सपाट टेबलावर ठेवून मोजा, ईपीओ फोम (थर्माकोलपेक्षा चिवट प्रकार) असेल तर गरम पाण्याने किंवा हेअर ड्रायरने मऊ करून उलटा पीळ द्या आणि गार होईपर्यंत धरून ठेवा.

ग्लूचं एक सांगतो, साधं सुपरग्लू ईपीओवर चालतं पण थर्माकोलसारखा ईपीएस फोम ते खाऊन टाकतं, तुकड्यावर टेस्ट करा. आणि शेपटीत एपॉक्सी ओतू नका! सीजीच्या (विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या) ५० सेंमी मागे १० ग्रॅम वाढले तर तोल साधायला २० सेंमी पुढे २५ ग्रॅम शिसं लागतं, म्हणजे विमान ३५ ग्रॅमने जड, आणि जड विमानाला हवेत टिकायला जास्त स्पीड लागतो. बरं, पुढे प्रॉपेलर असलेल्या विमानात हवेचा झोत शेपटीवर येतो, त्यामुळे हातातून सुटल्या सुटल्या एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या झडपेला) थोडी पकड मिळते. ईडीएफचा झोत बहुतेक मॉडेलमध्ये सरळ मागून निघून जातो, म्हणून हातातून सुटलेलं जेट स्पीड पकडेपर्यंत स्टिकचं नीट ऐकतच नाही.